आपाला ईदची खबर

दर वर्षी नववीच्या वर्गात पत्रलेखन आलं की आम्ही फळ्यावर एकच विषय लिहितो : दूर राहणाऱ्या बहिणीला ईदची हकीकत कळवणारे पत्र लिहा. उर्दूच्या तासाला हाच आणि मराठीच्या तासालाही हाच. (घरात 'हम' म्हणायची सवय असल्यामुळे मराठीतही 'मी'च्या आधी 'आम्ही'च तोंडात येतं, वाचकांनी सांभाळून घ्यावं.) चाळीस वह्या जमा होतात आणि चाळीस वह्यांत एकच पत्र असतं. आम्ही इकडे खुशाल आहोत. ईद मोठ्या आनंदात झाली. नवे कपडे घातले, ईदगाहवर गेलो, शीरखुर्मा प्यायलो, ईदी मिळाली, तुझी फार आठवण आली. मायना बरोबर, शेवट बरोबर. ऱ्हस्व-दीर्घाचा एखादा गुण कापायचा आणि पुढची वही घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने वेगळं लिहिलं. तिची बहीण खरोखरच लग्न होऊन लांब गेलेली आहे. तिने लिहिलं होतं की या ईदला नवे कपडे फक्त धाकट्याला घेतले, अब्बांच्या हाताला दोन महिने काम नव्हतं, आणि तू फोनवर विचारलंस तेव्हा अम्मीने बकरी आहे म्हणून सांगितलं पण ती रमजानच्या आधीच विकली. पुढे लिहिलं होतं, 'तू मागच्या वेळी आलीस तेव्हा तिला पाला घालायचीस, म्हणून तुला सांगायला पाहिजे असं मला वाटलं.' पत्राला मायना नव्हता, तारीख नव्हती, शुद्धलेखन तर विचारूच नका. लाल पेन हातात धरून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. शेवटी पूर्ण गुण दिले, आणि वही परत देताना त्या मुलीकडे नीट बघणं काही आम्हाला जमलं नाही. कारण ते पत्र वाचताना आम्हाला आमची आपा आठवत होती.

आपा आमच्यात सगळ्यांत मोठी. तिच्यानंतर भाई, मग आम्ही, मग धाकटी. गाव श्रीवर्धन तालुक्यात, घरामागे पोफळी-माडांची वाडी, वाडीत विहीर. १९९५ साली आपाचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ती दुल्हेभाईंच्या मागे शारजाला गेली. आमच्या पट्ट्यात हे नवं नव्हतं. दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी दुबईत, कुवेतमध्ये नाहीतर बहारीनमध्ये असतंच. पण माणूस दुसऱ्याच्या घरचं जातं तेव्हा ती बातमी असते, आपल्या घरचं जातं तेव्हा ओटीवरची एक जागा रिकामी होते.

तिच्याविना पहिली रमजान ईद १९९६च्या फेब्रुवारीत आली. अब्बांनी रमजानच्या पहिल्या आठवड्यातच ईद कार्ड पोस्टात टाकलं होतं, कारण आमच्या गावातून निघालेलं टपाल तिकडे पोहोचायला दहा-बारा दिवस सहज लागायचे. हकीकतीचं पत्र मात्र ईदनंतरच लिहिता येणार. म्हणजे आपाच्या हातात ते पडेपर्यंत ईद कधीच सरलेली. निळं एरोग्राम यायचं, पातळ कागदाचं, त्यालाच घड्या घालून कडा चिकटवायच्या की त्याचंच पाकीट व्हायचं. आत दुसरा कागद घालायची मनाई. त्यामुळे जागा मोजून मिळायची. अब्बा सुंदर नस्तालीकमध्ये अर्धा कागद भरायचे, मग आम्हा तिघांना चार-चार ओळी. अम्मीला लिहिता येत नाही, ती सांगायची आणि आम्ही लिहायचो. सांगायचं पुष्कळ असायचं, पण लिहायला आम्ही बसलेलो असल्यामुळे ती थांबायची. 'बस, लिही, सगळे खैरियत आहेत.' चौथीतल्या धाकटीला कडेची उभी जागा मिळायची, त्यात ती शीरखुर्म्यात किती खारका पडल्या ते लिहायची. आपा सांगते, ती ओळ ती सगळ्यात आधी वाचायची.

मग कॅसेटी आल्या. दुल्हेभाई पहिल्या सुट्टीत आले तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि त्याच्याबरोबर साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटींचं पाकीट. आखातातल्या माणसांच्या घरी तेव्हा हा रिवाजच होता. इकडे कॅसेट भरायची, गावातलं कोणी निघालं की त्याच्या सामानात द्यायची, तिकडून भरलेली परत यायची. लोणच्याच्या बरणीला नाही म्हणणारा माणूसही कॅसेटला नाही म्हणायचा नाही.

एका बाजूला अर्धा तास. पहिल्या बाजूवर सगळं घर. भाई ईदगाहवरच्या तकबीरी भरून आणायचा, त्यात माणसांपेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त. मग शेजारच्या चाचींचा सलाम, मग आमची ओळखून न येणारी घाबरलेली भाषणं, मध्येच विहिरीचा रहाट, कोंबडा. १९९७च्या जुलैमध्ये ईद-ए-मिलादला भरलेल्या कॅसेटवर तर पावसाने कोणाला बोलूच दिलं नाही. कौलांवर तो असा धरला होता की अब्बांनी कंटाळून रेकॉर्डर तसाच चालू ठेवला आणि वजूला निघून गेले. आम्हाला वाटलं, कॅसेट फुकट गेली. आपाचं पत्र आलं, 'पावसाची बाजू मी दोनदा ऐकली. इथे पाऊस नाही.'

दुसरी बाजू अम्मीची. ती भरताना आम्हाला बाहेर काढून माजघराचं दार आतून लावलं जायचं. अर्ध्या तासाने दार उघडायचं, अम्मीचे डोळे लाल असायचे आणि ती काही झालंच नाही अशी चुलीकडे जायची. तिने काय सांगितलं ते आम्ही कधी विचारलं नाही. लहानपणी वाटायचं, रडत असेल. मोठेपणी वाटलं, मोठ्या लेकीला आईने सांगायच्या गोष्टी असतील. त्यापलीकडे आम्ही विचार केला नाही.

२००० साली रमजान ईद दोनदा आली, जानेवारीत एकदा आणि डिसेंबर संपता संपता दुसऱ्यांदा. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे असं तेहेतीसेक वर्षांत एकदा होतं. आम्हाला ते साल लक्षात आहे ते मात्र वेगळ्या कारणाने. पहिल्या ईदला कॅसेट गेली, दुसऱ्या ईदला गेली नाही. तोवर टेलिफोनच्या बूथवरून परदेशी बोलता येऊ लागलं होतं. अम्मीला घेऊन आम्ही श्रीवर्धनला जायचो, काचेच्या खोलीत उभं राहायचो, समोर मीटरवर लाल आकडे पळायचे. अम्मी फोनला भ्यायची की आकड्यांना, सांगता येत नाही. 'बरी आहेस ना? पोरं बरी आहेत ना? आम्ही बरे आहोत. ठेवते.' आवाज ताजा मिळाला, खरं आहे. पण त्यात सांगितलेलं काही नसायचं. कॅसेटीचा रेकॉर्डर पुढे माळ्यावर गेला, त्याबरोबर दुसरी बाजूही गेली. हे आमच्या लक्षात यायला वीस वर्षं लागली.

आता तर हातात मोबाईल. तिकडची ईद बहुतेक वेळा आमच्या एक दिवस आधी. आमचा शेवटचा रोजा चालू असतो, असरची वेळ झालेली असते, घशाला कोरड, आणि टुणकन आवाज होऊन आपाच्या शीरखुर्म्याचा फोटो येतो, वर पिस्ते पेरलेले. अम्मीने एकदा फर्मानच काढलं, 'तिला सांगा, फोटो मगरीबनंतर पाठवत जा.' तिकडे व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही, संयुक्त अरब अमिरातीत ती सोय बंद ठेवलेली आहे. निरोप जातात, फोटो जातात, आवाज भरून पाठवलेलाही जातो. त्यामुळे आमच्या घरी व्हॉइस मेसेजचंच चलन. आपाच्या मुलांना उर्दू वाचता येत नाही, मराठी तर अक्षरओळखीपुरतीही नाही, पण नानीची कोकणी बोली त्यांना कानाने कळते. अम्मीला लिहिता येत नाही ही गोष्ट आता आडवी येत नाही. अंगठ्याने बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. तिच्या दृष्टीने ती कॅसेटच आहे, फक्त न्यायला माणूस लागत नाही.

तरी एक तक्रार आहेच. ईदच्या सकाळी फोन उघडावा तर चंद्र, तारा, मशिदीचा घुमट आणि खाली गुलाब अशी दोनशे चित्रं. कोणी पाठवली ते बघायचं, उलट तेच चित्र दुसऱ्याला पाठवायचं. ही खबर नव्हे. यापेक्षा शीरखुर्म्यात किती खारका पडल्या ती ओळ बरी होती.

आणि त्याहून वाईट म्हणजे स्टेटस. आमच्याच गावची एक मुलगी कुवेतला असते. तिचे वडील फजरच्या सुमारास गेले. घरचे गडबडीत, कोणी तरी लांबच्या नातेवाइकाने इन्ना लिल्लाह लिहून फोटो टाकला. त्या मुलीने उठून फोन हातात घेतला आणि वडील गेल्याचं तिला तिथे कळलं. घरून फोन गेला तो अर्ध्या तासाने. आम्ही त्या घरी मातमपुर्सीला गेलो तेव्हा तिच्या आईला वडील गेल्याच्या बरोबरीने हे दुःख होतं. मयताची खबर आधी पोटच्या पोरांना, मग जगाला, एवढं तरी आपल्या मोहल्ल्यांत पाळलं जावं.

आता २०२०कडे येतो. त्या वर्षीची रमजान ईद २५ मेला. मशिदी बंद, ईदगाह बंद, भाईने घरातच ओटीवर नमाज पढवली. मागे आम्ही, घरच्या बायका, पोरं. आपाची ईद आदल्या दिवशी चार भिंतींत झालेली. विमानं मार्चपासून बंद. त्या ईदच्या खबरीत सांगण्यासारखं फारसं नव्हतं आणि लपवण्यासारखंही नव्हतं, दोन्हीकडे सारखीच स्थिती.

नऊ दिवसांनी, बुधवार ३ जूनला, निसर्ग वादळ आलं. इशारा होता, किनाऱ्यालगतच्या लोकांना आदल्या दिवशीच आमच्या शाळेत आणलं होतं, आम्ही चाव्या घेऊन तिथेच होतो. दुपारी वारा असा उठला की शाळेच्या खिडक्यांना बाकं लावून धरावी लागली. संध्याकाळी घरी निघालो तेव्हा रस्ता ओळखू येईना. विजेचे खांब आडवे, त्यांच्यावर माड आडवे. घरी पोहोचलो. अम्मी, भाई, पोरं सगळे पुढच्या खोलीत सुखरूप. मागच्या अर्ध्या घरावर एक कौल राहिलं नव्हतं, माजघरातून आकाश दिसत होतं. मागचं दार उघडलं आणि सवयीने वाडी बघायला मान वर केली, तर बघायला वर काही नव्हतं. पोफळी एकमेकींवर पडलेल्या, जणू कोणी काडेपेटी उपडी केली. चारशेच्या आसपास होत्या, नंतर मोजल्या तर साठसुद्धा उभ्या नव्हत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणून ज्या मालाचं नाव आहे तो या झाडांचा. पोफळ लावली की पीक यायला पाच-सात वर्षं जातात, अब्बांनी लावलेल्या त्याहून कितीतरी जुन्या. अब्बा २०१२ साली गेले. अम्मी त्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'हे त्यांनी बघितलं नाही ते बरं झालं.'

वीज नाही, फोनला रेंज नाही. आपा तिकडे टीव्हीवर श्रीवर्धनचं नाव ऐकून वेडीपिशी झालेली. सहाव्या दिवशी भाई मोटारसायकल घेऊन माणगावच्या बाजूला रेंज शोधत गेला आणि तिथून तिच्याशी बोलून आला. आल्यावर आम्हाला म्हणाला, 'मी सांगितलंय, थोडी कौलं गेली, दोन-चार माड पडले, सगळे सुखरूप. तुम्हीही तेवढंच सांगा.'

आम्ही कोणी हरकत घेतली नाही. ती येऊ शकत नव्हती. ऐकून रडत बसली असती. अम्मीही म्हणाली, 'कशाला जीव जाळायचा तिचा.' प्रेमानेच ठरलं सगळं, हे आजही आम्ही खरं सांगतो. पण आठवड्याभरात पंचनाम्याला तलाठी आले. सातबारा बघून त्यांनी विचारलं, 'हे चौथं नाव कोणाचं? त्यांचं संमतीपत्र लागेल.' चौथं नाव आपाचं. अब्बा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी गावात दोघा-तिघांनी सुचवलं होतं की बहिणींकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका, सगळीकडे घेतात. भाईने ऐकलं नाही. 'शरीअतने ठरवलेला हिस्सा मी कोण सोडवून घेणार?' म्हणाला, आणि दोघी बहिणींची नावं लावली. त्याचा आम्हाला अभिमान होता, अजूनही आहे. पण आता त्या संमतीपत्रासाठी आपाला विचारायचं तर वाडी गेली हे सांगावं लागणार. भाई म्हणाला, 'बकरी ईद होऊन जाऊ दे.'

बकरी ईद १ ऑगस्टला. आपाची आदल्या दिवशी. तिने नेहमीप्रमाणे कुर्बानीच्या हिश्श्याचे पैसे आधीच पाठवले होते. ईदच्या सकाळी आम्ही फोटो काढले. तेव्हा आम्ही काय काय केलं ते आता लिहितानाही लाज वाटते. अम्मीला पुढच्या ओटीवर बसवलं, कारण ओटीवरची कौलं शाबूत होती. मागे पडलेली भिंत दिसू नये म्हणून दारावर धाकटीचा नवा दुपट्टा पडद्यासारखा लावला. पोरांना सांगितलं, वाडीत उभे राहून फोटो काढू नका. छान आले फोटो. आपाने उत्तरात हृदयं पाठवली.

रात्री अम्मीने तिला आवाज भरून पाठवला. ताडपत्रीखाली, माजघरात बसून, सवयीप्रमाणे. 'ईद चांगली झाली, गोश्त वाटून झालं, भाकऱ्या केल्या, तुझ्या आवडीचं सांदण केलं, पोरं खुश आहेत.' दोन मिनिटांचा निरोप. बाहेर पाऊस पडत होता.

दहा मिनिटांत आपाचा फोन. साधा, परदेशी दराचा, जो ती कधी करत नाही. तो आम्ही उचलला.

'अम्मीच्या मागे काय वाजतंय?'

'पाऊस आहे, आपा.'

'कशावर पडतोय?'

आम्ही गप्प.

'कौलांवरचा पाऊस मला कळत नाही होय? हा ताडपत्रीवरचा आहे. माजघरात ताडपत्री कशाला?'

त्यानंतर लपवण्यात अर्थ नव्हता. भाईने फोन घेतला आणि सांगत गेला. ती एकदाही रडली नाही, आम्हाला अपेक्षा होती रडेल. सगळं ऐकून ती भाईला जे म्हणाली ते फोन मोठ्या आवाजावर असल्याने आम्ही सगळ्यांनी ऐकलं. 'सातबाऱ्यावर माझं नाव तूच लावलंस. मी लोकांना सांगते, माझ्या भावाने माझा हक्क ठेवला. मग माझ्या पोफळी पडल्या हे दोन महिने मला सांगायला काय झालं? पाहुणीला सांगतात तसं सांगितलंत. पाहुणीला घरातलं पडलं-झडलं दाखवत नाहीत.'

भाई काही बोलला नाही. अम्मीने फोन मागून घेतला, आणि सवयीने हाताने आम्हाला बाहेर जायची खूण केली. आम्ही गेलो. पण दार मोडलेलं होतं, आवाज येत होता. तेव्हा प्रथम कळलं की कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूवर काय असायचं. अम्मी म्हणत होती, 'आधी मी तुला सगळं सांगायचे. तुझ्या अब्बांवर सोसायटीचं कर्ज झालं ते, धाकटीच्या वेळचं आजारपण, भाईचं मुंबईचं काम सुटलं ते. मशीन माळ्यावर गेलं आणि माझी सवय गेली.' म्हणजे आम्हाला जे माहीत नव्हतं ते आपाला शारजात बसून माहीत होतं. आणि तीही उलट कॅसेटवर अम्मीला सगळं सांगत असणार, कारण आता अम्मीने विचारलं, 'तुझं सांग. तूही माझ्यापासून लपवलंयस.'

लपवलं होतंच. दुल्हेभाईंचा पगार एप्रिलपासून अर्धा झाला होता आणि जूनपासून कंपनीने बिनपगारी घरी बसवलं होतं. कुर्बानीचे पैसे तिने मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्यातून पाठवले होते, कारण नाही पाठवले तर आम्ही विचारलं असतं. आदल्या दिवशी आलेले तिचे ईदचे फोटो आम्ही परत उघडून बघितले. तिन्ही मुलांच्या अंगावर गेल्या ईदचे कपडे होते. आम्ही त्या फोटोंवर 'माशाअल्लाह' लिहून मोकळे झालो होतो.

संमतीपत्राचा कागद कसा करायचा, तिकडून सही होऊन कसा यायचा, यात पुढचे कित्येक आठवडे गेले, तो भाग कंटाळवाणा आहे. वाडी साफ करायला त्याहून जास्त. उरलेल्या पोफळींची सुपारी उतरवून रोपं केली, काही विकत आणली. आपाने पैसे पाठवू का विचारलं तेव्हा भाई पहिल्यांदा 'नको' म्हणाला नाही. 'आता नको, तुमचं आधी सावरू दे, पुढच्या पावसाला बघू' म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घरी एक गोष्ट सुरू झाली. ईदच्या दिवशी फोटो जातात, कपडे, पोरं, शीरखुर्मा, सगळं जातं. ते मुलांसाठी आणि गावभरच्या नातेवाइकांसाठी. खरी खबर जाते दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, मगरीबनंतर. फोन माजघरात पाटावर ठेवतो, भोवती बसतो, दार लावतो. चित्र नाही, नुसता आवाज. किती उधारी झाली, कोणाचं जमत नाही, कोण आलं नाही आणि का आलं नाही, डॉक्टर काय म्हणाले. आलेला निरोप पुढे कोणाला पाठवायचा नाही, एवढा एकच नियम. आपा ऐकते आणि तिकडून तिची बाजू भरून पाठवते. कोणी त्याला नाव दिलेलं नाही, पण अम्मी म्हणते, 'चला, दुसरी बाजू लावा.'

पहिल्या वर्षी अवघड गेलं. चांगलं सांगायची जिभेला इतकी सवय की भाई दर वाक्याला 'अल्हम्दुलिल्लाह, बाकी ठीक' म्हणायचा. आपानेच त्याला टोकलं, 'अल्हम्दुलिल्लाह म्हण, पण आधी काय झालं ते सांगून म्हण.' काही गोष्टी सांगितल्याने भांडणंही झाली. धाकटीच्या दिराच्या प्रकरणात आपाने तिकडून इतका सल्ला दिला की धाकटी दोन महिने बोलत नव्हती. नाती जोडून ठेवा म्हणून खुतब्यात आपण ऐकतो, तेव्हा डोळ्यांसमोर भेटगाठ आणि देणंघेणं येतं. जोडलेलं असलं की कचकचही होते, हा भाग कोणी सांगत नाही.

२०२५ची रमजान ईद ३१ मार्चला झाली, आपाची ३० तारखेला. बासी ईदच्या संध्याकाळी आम्ही बसलो. भाईने सांगितलं की वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी अकरा-बारा झाडांनी या वर्षी फूल धरलं, पण विहिरीकडच्या रांगेला खोडकीड दिसते आहे, औषधाचा खर्च निघेल की नाही सांगता येत नाही. धाकटीने मुलीच्या दहावीचं सांगितलं. आम्ही शाळेतली पटसंख्या घटल्याचं सांगितलं, पुढच्या वर्षी एक तुकडी कमी झाली तर आमची बदली होईल. मग अम्मीची तब्येत. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून बजावलं होतं, तरी तिने हट्टाने ठेवले ते अकरा, आणि अकराव्या दिवशी चक्कर येऊन न्हाणीत बसली. अम्मी शेजारीच होती, ती डोळ्यांनी खुणावत होती की हे नको. आम्ही सांगितलं.

आपाचा निरोप तासाभराने आला. आधी पोफळींचं तिने तीनदा विचारलं, कोणत्या रांगेतल्या, अब्बांच्या दगडाजवळची आहे का त्यात. मग तिचं : दुल्हेभाई पुढच्या वर्षी कायमचं परत यायचं म्हणतात, मोठ्या मुलीला यायचं नाही, रोज घरात त्यावरून बोलाचाली होते, आणि आलोच तर मागच्या खोलीचं छप्पर अजून पत्र्याचं आहे का, कारण त्या पावसाचा आवाज तिला सोसणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, आवाज बदलून,

'अकरा? मला तर अम्मीने ईदच्या सकाळी फोनवर एकोणतीस सांगितले.'

आम्ही सगळ्यांनी अम्मीकडे बघितलं. अम्मीला हल्ली डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तिने तो कान फोनकडे केला आणि पाट उचलायला सांगितला.